मोडता न येणारा दागिना

बुगडी गहाण पडली की कानाच्या वरच्या कडेला रिकामं भोक उरतं. ते तसंच सोडलं तर हळूहळू बुजतं, म्हणून माणदेशातल्या बाया त्यात लिंबाची काडी घालून ठेवत. केरसुणीची काडीही चालायची, पण लिंबाची बरी, तिने कान चिघळत नाही, असा अनुभव. देणं फिटून डाग घरी आला की काडी निघायची आणि बुगडी बसायची. नाही आला, तर काडीच वर्षानुवर्षं कानात राहायची.

दागिन्यांवरची पुस्तकं दागिन्यापासून सुरू होतात: ठुशी, पोहेहार, चिंचपेटी, मग त्यांची वजनं आणि घडणावळ. या प्रकरणात सुरुवात भोकापासून करायची आहे. कारण शरीराला आधी टोचलं, गोंदलं, ताणलं जातं आणि अंगावर घालायच्या वस्तूचा आकार त्यातून ठरतो. जगभर आज ‘अंगावर घालण्याची कला’ या नावाने जे मांडलं जातं, त्यातले बरेच कलाकार गोंदणं, टोचणं, व्रण, ताणलेल्या पाळ्या यांतून कल्पना उचलतात. न्यूझीलंडमध्ये सुझी मॉनक्रीफ यांनी १९८७ साली नेल्सन शहरात अशा कलेची स्पर्धाच सुरू केली. ती पुढे इतकी वाढली की वेलिंग्टनला हलवावी लागली. आपल्याकडे त्याला कुणी कला म्हटलं नाही एवढंच, पण शरीर आणि वस्तू यांचा हा व्यवहार माणदेशात फार जुना आहे आणि त्याचे नियम दुष्काळाने घालून दिलेले आहेत.

माणदेश म्हणजे साताऱ्याचा माण तालुका, त्याला लागून सांगलीचा आटपाडी, सोलापूरचा सांगोला आणि आजूबाजूचा मुलूख. कुळकजाईच्या डोंगरात उगम पावणारी माण नदी म्हसवडवरून पुढे जाऊन भीमेला मिळते, पण वर्षाचे कित्येक महिने तिच्यात वाळूच दिसते. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला दहिवडी-म्हसवडच्या पट्ट्यात पाचशेच्या आसपास पडला तरी साल बरं गेलं म्हणतात. १८७६-७८, १९७२, २००३, २०१२-१३ ही सालं इथे लोक पिढ्यांच्या खुणांसारखी सांगतात. अशा मुलखात सोनं हौसेला घेतलं तरी उपयोगाला पडतं संकटात. म्हसवडला १९९७ साली महिलांची सहकारी बँक उभी करणाऱ्या चेतना सिन्हा यांनी आपल्या एका जाहीर भाषणात सांगितलं आहे की दुष्काळात एक बाई जनावरांच्या चाऱ्यापाण्यासाठी अंगावरचे दागिने गहाण ठेवायला आली, आणि त्यातूनच छावणी चालवण्याचा विचार पुढे आला. डाग जातो, भोक राहतं. या मुलखातल्या दागिन्यांची रचना समजून घ्यायची तर ही गोष्ट आधी लक्षात ठेवावी लागते.

कान टोचायला सोनारच लागतो, ही म्हण आज आपण कुणाला खडसावण्यापुरती वापरतो. तिच्यामागचं कसब मात्र शब्दशः खरं आहे. सोनार बारीक सोन्याची तार घ्यायचा, तिचं एक टोक घासून सुईसारखं करायचा, त्याच तारेने बाळाच्या कानाची पाळी टोचायचा आणि तीच तार वळवून तिचा वेढा कानात ठेवायचा. ती सुंकली. टोचणारं हत्यार आणि घालायचा दागिना एकच. शुद्ध सोनं शरीरातल्या ओलाव्याने गंजत नाही, म्हणून जखमेत राहिलं तरी बहुधा त्रास देत नाही. पितळ किंवा निकेल मिसळलेली तार तिथे पू धरवते. सोनाराला हे रसायनशास्त्र म्हणून ठाऊक नव्हतं, पण कुणाची तार चिघळली हे पंचक्रोशीत लगेच कळायचं.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय यालाच दिलेला आहे. बाळाला मांडीवर घ्यावं, खेळण्यात गुंतवावं, डाव्या हाताने कान ओढून उन्हाकडे धरावा आणि जिथून प्रकाश आरपार दिसतो त्या नैसर्गिक पातळ जागी उजव्या हाताने सरळ टोचावं. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा डावा. मग भोकात कापसाची वात घालायची, तेल सोडायचं आणि दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात बसवायची. उन्हाकडे धरण्यातली हुशारी साधी आहे: रक्तवाहिनी असेल तिथे प्रकाश अडतो. वातीची जाडी वाढवत नेण्याचं तत्त्वही पक्कं आहे. टोचलेल्या वाटेच्या आतून नवी कातडी वाढत येते आणि भोकाला स्वतःचं अस्तर मिळतं. ते पुरतं बसलं की भोक सहजी बुजत नाही. अस्तर धरायच्या आत घाई केली तर पाळी चिरते. म्हणजे बुगडीच्या भोकातली ती लिंबाची काडी या वातीच्याच घराण्यातली. फरक एवढाच की वात भोक मोठं करायला होती, काडी ते जपायला.

त्याच अध्यायात फाटलेली पाळी जोडण्याच्या पंधरा पद्धती आहेत. इतक्या लागल्या, यावरून कान किती फाटत असतील याची कल्पना यावी. पाळीत मऊ चरबी असते, ती वजनाने ताणली जाते. पुढे ज्याला आपण प्लॅस्टिक सर्जरी म्हणतो तिचा एक धागा इथूनच निघतो, आणि तो पुण्याजवळून जातो. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याला १७९३ च्या सुमारास एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवून दिलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं, १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकिगत छापून आली आणि वीस वर्षांनी जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने ती रीत तिकडे करून दाखवली. आधी मेणाचा नमुना चेहऱ्यावर बसवून बघायचा, मग तेवढ्या मापाची कातडी कापायची, अशी त्या कारागिराची पद्धत होती. सोनाराला ती ओळखीची वाटली असती.

आता बुगडीकडे परत येऊ. ती पाळीत बसत नाही, वरच्या कडेला कूर्चेत बसते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, म्हणून तिथली जखम भरायला वेळ लागतो आणि चिघळली तर कानाचा आकारच बिघडू शकतो. त्यामुळे बुगडी हलकी असावी लागते, मोत्यांचा घोस लहान, मागे फिरकी किंवा मळसूत्र पक्कं. पाळीतली कुडी जड चालते, कारण पाळी ताण सोसते, पण तिलाही हद्द आहे. म्हणून वेल आले. कुडीला अडकवलेली मोत्यांची किंवा सोन्याची सर कानावरून वर नेऊन केसात अडकवायची. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते, पण तिचं खरं काम कुडीचा भार पाळीवरून काढून केसांवर टाकणं हे आहे. शरीर कुठे कमी पडतं याचा हिशेब करून दागिना वाढत गेला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही. आज साताऱ्या-सांगलीच्या दवाखान्यांत फाटलेल्या पाळ्या शिवून घ्यायला बाया येतात त्यांच्या कानांत बहुतेक वेळा वेल नसतात, नुसतेच जड झुमके असतात. वेल गेले आणि झुमके राहिले, म्हणजे अर्धा हिशेब हरवला.

नाकाची गोष्ट जरा वेगळी. नथ आपल्याला इतकी आपली वाटते की ती वेदकाळापासून असावी असा समज होतो. भांडारकर संस्थेतले संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात नथीच्या प्राचीनत्वावर लिहिताना दाखवलं की इसवी सन १००० च्या आधीच्या संस्कृत वाङ्मयात तिचा पत्ता लागत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर कानात, गळ्यात, दंडावर, कमरेला हवं ते सापडेल. नाकं मात्र मोकळी. म्हणजे कानाचं भोक जुनं आणि नाकाचं बरंच अलीकडचं. बैलाच्या नाकातली वेसण मात्र त्याहून खूप आधीची, आणि ग्रामीण बायकांच्या बोलण्यात नथ आणि वेसण यांची जोडी थट्टेत किंवा रागात लावली जाते ती उगाच नाही. आता चापाची नथ मिळते. नाक न टोचता नुसती चिमटीसारखी अडकते, लग्नाच्या दिवशी घालायची आणि संध्याकाळी डबीत टाकायची. टोचण्याची वेदना वगळून टोचल्याचा देखावा तेवढा ठेवायचा, हे अंगावरच्या कलेतलं एक मोठं वळण आहे. मला त्यात गैर काही दिसत नाही. ज्या मुलीला नाक टोचून घ्यायचं नाही तिच्यावर मोरणी लादण्यापेक्षा चाप बरा.

गोंदणाला असा चाप नाही.

जुनी रीत अशी: काजळात कसल्या तरी पाल्याचा रस कालवायचा, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, कातडी ताणून धरायची आणि ठिपक्याला ठिपका जोडत जायचं. वर हळद. गोंदणाऱ्या बाया बहुधा फिरस्त्या जमातींतल्या, सुगीनंतर किंवा जत्रेच्या दिवसांत गावात येणाऱ्या. मजुरी धान्यात, कधी जुन्या लुगड्यात. कपाळावर भुवयांच्या मध्ये ठिपका किंवा उभी रेघ, हनुवटीवर एक टिंब, गालावर एक, मनगटापासून कोपरापर्यंत तुळस, विंचू, चांदण्या, फुलं. नंतर जत्रांत बॅटरीवर चालणारी यंत्रं आली आणि नावं आली. अक्षराची ओळख नसलेल्या बाईच्या हातावर तिचं स्वतःचं किंवा भावाचं नाव देवनागरीत कोरलेलं असायचं. तिला वाचता येत नसलेली ती ओळ आयुष्यभर तिच्यासोबत राहायची. गोंदणारालाही अक्षर बेताचंच येत असल्याने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही कायमच्या.

काजळ काळं, पण गोंदण हिरवं दिसतं. सुई वरच्या कातडीतून आरपार जाऊन खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, काजळीचे कण सोडते. वरची कातडी महिन्याभरात झडून नवी होते, म्हणून कण वरच राहिले असते तर गोंदण महिन्याभरात पुसलं असतं. खालच्या थरातल्या काळ्या कणांपर्यंत पोचताना प्रकाश कातडीत विखुरला जातो. निळसर प्रकाश वरच्यावर परत फिरतो, तांबडा आत जाऊन काजळीत मुरतो, आणि त्यात कातडीचा स्वतःचा पिवळट-तपकिरी रंग मिसळला की डोळ्याला हिरवट-निळी छटा दिसते. मग हे कण वर्षानुवर्षं हलत का नाहीत? शरीरात परका कण आला की भक्षक पेशी तो गिळतात. काजळीचे कण त्यांना पचत नाहीत, म्हणून त्या कण पोटात घेऊन तिथेच बसून राहतात. फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की यातली एक पेशी मेली की तिच्या पोटातले कण सुटतात आणि शेजारी आलेली नवी पेशी ते उचलते. पेशी बदलत राहतात आणि ठिपका जागच्या जागी राहतो. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या माणसाच्या अंगावर काजळीच्या ६१ खुणा अजून मोजता येतात.

माणदेशातल्या म्हाताऱ्या गोंदणाबद्दल जे सांगतात त्याला या प्रयोगाची गरज नव्हती. सोनं-चांदी मरताना अंगावरून काढून घेतात, गोंदण तेवढं संगती येतं, असा त्यांचा समज. यात धर्म आहेच, पण मला वाटतं त्यात हिशेबही आहे. जो दागिना सावकार ठेवून घेऊ शकत नाही, दीर मागू शकत नाही, सोनार मोडू शकत नाही, तो गरीब बाईचा खरा स्वतःचा. कपाळावर कुंकू लावायचा हक्क नवऱ्याबरोबर जायचा. कपाळावरचा गोंदलेला ठिपका विधवेच्या कपाळावरही तसाच असायचा. रूढीला तो पुसता आला नाही.

तरीही गोंदणाचं कौतुक बेतानेच करावं. बहुतेक मुलींना ते आठ-दहा वर्षांच्या वयात, त्यांना न विचारता, हात धरून गोंदलं गेलं. सुया एकीच्या अंगातून निघून दुसरीच्या अंगात जायच्या. जत्रेतल्या यंत्राची सुई आजही बदलली नाही तर कावीळ-बी आणि एचआयव्हीचा धोका तोच. आणि नव्या काळात त्या खुणेचा अर्थ उलटला. शाळा शिकलेल्या मुलींना कपाळावरचं गोंदण अडाणीपणाचं वाटू लागलं, ते काढायला लेझरचे झटके घ्यावे लागतात. सातारा हा फौजेत पोरं धाडणारा जिल्हा, आणि लष्कराच्या भरतीत कायमचं गोंदण कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला असेल तरच चालतं. काही आदिवासी जमातींना तेवढी सवलत आहे. जत्रेत हौसेने दंडावर कोरून घेतलेल्या नावापायी भरतीच्या मैदानावरून घरी यावं लागू शकतं, हे माणदेशातल्या पोरांना आता पाठ आहे.

दागिना मोडण्याचं, वितळवण्याचं शास्त्रही याच मुलखाने देशभर नेलं, हा योगायोग नसावा. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातली, विट्याच्या आसपासची आणि माण-खटावातलीही हजारो कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी घराबाहेर पडली. केरळपासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंत सराफ बाजाराच्या बोळात ‘मराठा गलाईवाला’ सापडतो, तो बहुधा इकडचाच. शेतीला पाणी नाही, पण मूस आणि भट्टी घेऊन कुठेही बसता येतं.

गलाईचं काम म्हणजे जुन्या दागिन्यांतून शुद्ध सोनं परत मिळवणं. दागिन्यात तांबं, चांदी मिसळलेली असते. ती नुसत्या आचेने वेगळी होत नाही. म्हणून आधी सोन्यात आणखी चांदी मिसळून वितळवतात, इतकी की सोनं सुमारे चौथा हिस्सा उरावं. उलटं वाटतं, पण गरज आहे: सोन्याचं प्रमाण जास्त असलं तर ते चांदीला वेढून बसतं आणि तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग ते वितळलेलं पाण्यात ओतून त्याचे बारीक दाणे करतात आणि तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतात. चांदी-तांबं विरघळून जातं, सोनं तळाशी तपकिरी भुकटीसारखं उरतं. कुणी बघितलं तर याला सोनं म्हणणार नाही. ती भुकटी धुऊन पुन्हा मुशीत घातली की पिवळा रंग येतो. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत काढतात. धूर तांबडा-पिवळा, छातीला वाईट. अनेक गलाई कामगारांनी फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली आहे.

एका पिढीची बोरमाळ अशी दुसऱ्या पिढीची चेन होते. घडण पुसली जाते, वजन तेवढं राहतं. म्हणूनच माणदेशी दागिन्यांचे जुने नमुने संग्रहालयांत शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही. ते सगळे केव्हाच मुशीतून गेले. जुन्या नक्षीचा पुरावा उरला तो कातडीवर, आणि ती पिढीही आता सत्तरी-ऐंशीत आहे.

माणसाच्या अंगावर जे होतं ते इथे बैलाच्याही अंगावर होतं, कदाचित जास्त थाटात. माण आणि आटपाडीचा पट्टा हा खिलार जनावरांचा. म्हसवड आणि आटपाडी महाल अशा त्यांच्या जातीच मानल्या जातात आणि खरसुंडीच्या जत्रेतला बाजार त्यांच्यासाठी प्रसिद्ध. खिलारीची शिंगं लांब, मागे जाऊन धनुष्यासारखी वर वळणारी. ती तशी दिसावीत म्हणून साळतात: वरचा खडबडीत थर तासून, काचेने घासून गुळगुळीत करतात. बेंदराला त्यांवर हिंगूळ किंवा रंग, बेगड, टोकाला पितळी शेंब्या, कपाळावर बाशिंग, पाठीवर झूल. शेंबीची गोलाई शिंगाच्या तासलेल्या टोकावरून ठरते, कानातल्या भोकावरून बुगडीची फिरकी ठरते तशीच. शिंग वरून नखासारखं असलं तरी आत हाड आणि रक्त असतं. जास्त तासलं की रक्त येतं, आणि बैलांत आढळणाऱ्या शिंगाच्या कर्करोगाशी या तासण्या-रंगवण्याचा काही संबंध असावा असा पशुवैद्यांना संशय आहे.

आणि मग पोतराज. अंग हेच ज्याचं सगळं सामान, असा हा माणूस. केस कधी कापायचे नाहीत, कपाळभर हळद-कुंकू, कमरेला रंगीबेरंगी खणांच्या पट्ट्यांचं घागऱ्यासारखं नेसण, पायात घुंगरं, हातात कोरडा. मरीआईचा गाडा बाईच्या डोक्यावर, आणि हा स्वतःच्या उघड्या अंगावर कोरडा ओढतो. नेसणातले खण देवीला वाहिलेले असतात, दारोदारून आलेले. म्हणजे त्या घागऱ्यात अख्ख्या पंचक्रोशीच्या चोळ्यांचे रंग एकत्र शिवलेले. वेशभूषाकाराच्या नजरेने पाहिलं तर महाराष्ट्रात याच्याइतकं जिवंत, हलतं, आवाज करणारं वस्त्र दुसरं क्वचितच असेल. गिरकी घेतली की पट्ट्या फुलतात, थांबला की घुंगरांचा शेवटचा नाद उरतो. कोरड्याचा आवाजही रचनेचा भाग आहे. दोर हवेत वेगाने फिरून सुटतो तेव्हा टोकाचा वेग आवाजाच्या वेगाच्या पुढे जातो, त्याचा तो फटाका. अंगावर बसणारा फटका बहुतेकदा त्या मानाने मवाळ असतो.

पण हा वेश कुणी निवडलेला नाही. नवसाने सोडलेल्या मुलाला जन्मभर केस वाढवायला लावणं, शाळेऐवजी कोरडा हातात देणं, ही दलित कुटुंबांच्या वाट्याला आलेली गोष्ट. आंबेडकरी चळवळीत पोतराजांचे केस उतरवले गेले. देवीच्या नावाने डोक्यात वाढलेल्या जटा कापून बायकांना मोकळं करण्याचं काम अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही करतात. साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी ही समिती उभी केली. खटाव तालुक्यातल्या एनकूळच्या उत्तम बंडू तुपे यांच्या ‘झुलवा’ कादंबरीत जोगत्या-जोगतिणींचं जे जग येतं ते वाचल्यावर, लुगडं नेसलेल्या जोगत्याकडे नुसतं वेशांतर म्हणून पाहता येत नाही. फॅशनच्या मंचावर पोतराजाचा घागरा यायला हरकत नाही. तो कुणाच्या अंगावरून आला हे विसरून आला तर मात्र तो दुसऱ्यांदा ओरबाडला जातो, असं माझं मत आहे.

अंगावरची नक्षी अंगावरून काढून कापडावर नेण्याचे प्रयत्न देशात झाले आहेत आणि त्यातला एक शिकण्यासारखा आहे. बिहारच्या मधुबनी भागात जितवारपूर गावातल्या दुसाध जातीच्या बायकांनी १९७० च्या दशकात आपल्या गोंदणातल्या आकृत्या कागदावर उतरवल्या. वरच्या जातीच्या बायका रामायणातले प्रसंग रंगवत, ते यांनी घेतलं नाही. स्वतःच्या हातापायांवर जे होतं तेच घेतलं. चानो देवी त्यातल्या प्रमुख चित्रकर्त्या. ठिपक्यांच्या ओळी, एकात एक वर्तुळं, ही शैली आज ‘गोदना’ या नावानेच ओळखली जाते आणि कागदावरून साड्या-दुपट्ट्यांवरही गेली. पॅरिसच्या ज्याँ पॉल गोतिए यांनी १९९४ च्या उन्हाळी संग्रहात पातळ जाळीच्या कापडावर गोंदणं छापून ती अंगाला घट्ट बसणाऱ्या सदऱ्यांच्या रूपात आणली: कातडीवर दुसरी कातडी. ते सदरे अजून विकले जातात. दोन्हीकडे नक्षी कापडावर गेली, पण जितवारपूरला ती काढणाऱ्या हातांच्या नावावर राहिली.

माणदेशात असं काही करायचं तर कापड कोणतं, हा पहिला प्रश्न. इथलं स्वतःचं कापड घोंगडी. धनगरांच्या मेंढ्यांची जाड काळी लोकर, सणगरांचे माग, आणि म्हसवडचं नाव त्यासाठी जुनं. घोंगडी बहुधा रंगवत नाहीत. मेंढीचा जो रंग तोच कापडाचा, त्यामुळे त्यावर हिरवा-निळा ठिपका छापायला गेलं तर तो काळ्यात बुडून जाईल. पांढऱ्या लोकरीने काढला तर दिसेल, पण मग नक्षी उलटी होते: अंगावर गडद ठिपका उजळ कातडीवर असतो, इथे उजळ ठिपका काळ्यावर. शिवाय मागावर उभ्या-आडव्या धाग्यांत गोल ठिपका येत नाही. जाड लोकरीत तर त्याचा चौकोनच होतो. काठाला सरळ पांढरी रेघ घालण्यापुरतं सणगराला जमतं, आणि गोंदणातली कपाळावरची उभी रेघ तेवढी त्याला सहज विणता येईल. तुळस, विंचू, चांदणी हवी असेल तर चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी मागावरून उतरवून, धुऊन मऊ झाल्यावर, तिच्यावर हाताने सुईदोराच चालवावा लागेल.